समजून घ्या : बंद घरात चोर पुन्हा का येतो? पडघ्यातील कुलूपबंद घरांसाठी नेरळचा धडा

चोराने चोरी केली, मग पश्चात्ताप होऊन वस्तू परत आणून ठेवल्या आणि भिंतीवर माफीची चिठ्ठी चिकटवली. जुलै २०२४मध्ये नेरळच्या या बातमीने राज्यभर कौतुक मिळवले. पण बातमीतील चिठ्ठी बाजूला ठेवली, तर उरतो तो प्रश्न सगळ्यांच्या घराचा आहे. चोर एकाच घरात पुन्हा पुन्हा ये-जा करतो आणि कुणाला कळत कसे नाही? महामार्गालगतच्या पडघ्यासारख्या वाढत्या गावात या प्रश्नाचे उत्तर शोधणे आता गरजेचे झाले आहे.

नेरळमध्ये नेमके काय घडले?

रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे कवी नारायण सुर्वे यांचे घर आहे. सुर्वे यांचे १६ ऑगस्ट २०१० रोजी निधन झाले. त्यानंतर या घरात त्यांची मुलगी आणि जावई राहतात. ते दोघे मुलाकडे विरारला गेले होते आणि घर सुमारे दहा दिवस बंद होते. या काळात चोर आत शिरला. एलईडी टीव्हीसह काही वस्तू त्याने नेल्या. दुसऱ्या दिवशी उरलेले सामान नेण्यासाठी तो परत आला, तेव्हा एका खोलीत त्याला सुर्वे यांचे छायाचित्र आणि सन्मानचिन्हे दिसली. हे घर कुणाचे ते कळल्यावर तो ओशाळला. नेलेल्या वस्तू त्याने परत आणून ठेवल्या आणि एवढ्या मोठ्या साहित्यिकाच्या घरी चोरी केल्याबद्दल माफी मागणारी चिठ्ठी भिंतीवर चिकटवली. घरचे परतल्यावरच हा प्रकार उघड झाला.

म्हणजे तो आधी चोरी करून गेला, मग उरलेले न्यायला आला आणि सामान परत करण्याचा फेरा वेगळा धरला तर तिसऱ्यांदाही आला. टीव्ही ही काही खिशात मावणारी वस्तू नाही. ती घराबाहेर गेली आणि पुन्हा घरात आली, तरी कुणी हटकले नाही. सगळ्यांच्या नशिबी कवितेची कदर असलेला चोर येत नाही. बंद घर मात्र सगळ्यांचेच असते.

पडघ्याला हा धडा का लागू होतो?

भिवंडी तालुक्यातील पडघा मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. एका बाजूला खडवली स्टेशनचा रस्ता, दुसरीकडे गांधारी पुलावरून कल्याणला जोडणारा रस्ता. जवळच आमणे येथे समृद्धी महामार्गाचे टोक आहे. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला. परिसरात गोदामे उभी राहिली, त्यांच्या मागोमाग चाळी आणि इमारती आल्या.

जुन्या गावात घराला कुलूप नसले तरी ओट्यावर कुणीतरी बसलेले असायचे. पाहुणा कुणाकडे आला हे समोरच्या घरातील आजीला आधी कळायचे. आता नवरा-बायको दोघेही कामाला जातात, कुणी गोदामात शिफ्टला, कुणी कल्याण-ठाण्याला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा इमारतीचा अख्खा मजला बंद असतो. शेजारच्या खोलीत राहणाऱ्याचे नावही अनेकदा ठाऊक नसते. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात तर आठ-दहा दिवसांसाठी घरे बंद होतात. शिवाय महामार्ग हाताशी असल्याने चोरीचा माल घेऊन निघालेली गाडी तासाभरात जिल्ह्याबाहेर जाऊ शकते.

चोर तेच घर पुन्हा का निवडतो?

नेरळच्या चोराने जे केले ते अपवादात्मक नाही. एकदा फोडलेल्या घरात किंवा त्याच्या आजूबाजूच्या घरांत पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा चोरी होण्याचा धोका वाढतो, असे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत वारंवार दिसले आहे. कारण सोपे आहे. चोराला घराची रचना कळलेली असते. काय उरले आहे ते त्याने पाहिलेले असते. बाहेर पडायची वाट माहीत असते आणि ‘इथे कुणी विचारत नाही’ याची खात्री झालेली असते.

इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहरात कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथे घरफोड्यांनी कहर केला होता. तिथल्या यंत्रणांनी सगळ्या वसाहतीवर पहारा बसवला नाही. ज्या घरी नुकतीच चोरी झाली त्याच घरावर लक्ष केंद्रित केले. तुटलेले दार तातडीने मजबूत केले. नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले, कारण चोरांना त्यातच रोकड मिळत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या घराच्या आजूबाजूच्या साधारण सहा घरांना ‘या घराकडे लक्ष ठेवा’ अशी जबाबदारी दिली. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या.

पडघ्यातील चाळीला किंवा इमारतीला हे सहज जमण्यासारखे आहे. समोरची, बाजूची, वरची-खालची अशी सहा घरे एकमेकांना धरून ठेवायची. गावाला जाताना त्यांपैकी एका घराला स्पष्ट सांगून जायचे : कधी परतणार, घरी कोण येऊ शकते, फोन कुणाला करायचा. ‘लक्ष ठेवा हां’ एवढे जाता जाता म्हणणे पुरत नाही. ‘काकू, रोज सकाळ-संध्याकाळ एकदा दाराकडे बघा, कुलूप हलवून बघा, दारात आलेले पार्सल उचलून ठेवा’ असे सांगितले की काम नेमके होते. परतल्यावर त्यांच्या वेळेला आपण तेच करायचे.

दार कुठे कमी पडते?

कुलूप भारी घेतले की घर सुरक्षित झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात चोर बहुतेक वेळा कुलपाला हात लावत नाही. तो कटावणी घालतो ती कडी-कोयंड्यात. पाचशे रुपयांचे कुलूप अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर लटकत असेल, तर संरक्षण त्या स्क्रूंएवढेच. शिवाय बाहेर लटकणारे कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला ‘घरात कुणी नाही’ हेही सांगते.

म्हणून पुढील गोष्टी तपासा.

कोयंडा स्क्रूऐवजी दाराच्या आरपार जाणाऱ्या नटबोल्टने बसवा. नट आतल्या बाजूला, वायसर लावून.

मुख्य दाराला लॅच असेल तर ते नुसते ओढून घेऊ नका, बाहेर पडताना चावीनेही फिरवा. नुसते ओढलेले लॅच पातळ पट्टीनेही सरकवता येते.

दाराची चौकट भिंतीत पक्की आहे का ते बघा. पावसाळ्यात ओल लागून सडलेली चौकट एका धक्क्यात निघते.

मागचे दार, मोरीची किंवा बाथरूमची खिडकी, सरकत्या काचा आणि चाळीतील पत्र्याचे छप्पर या विसरल्या जाणाऱ्या जागा आहेत. लूव्हरच्या काचा एकेक करून उपसता येतात, त्यामुळे त्यामागे ग्रिल हवेच.

चावी पायपुसण्याखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीत किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवू नका. चोर सर्वांत आधी तिथेच बघतो.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना खालचे दार नुसते लोटून जाऊ नका. खिडकीशेजारी चार्जिंगला लावलेला मोबाइल बाहेरून हात घालून, काठीने ओढून नेता येतो. त्यासाठी घर फोडावेही लागत नाही.

यातील कोणताही उपाय चोराला कायमचा थोपवत नाही. पण दार फोडायला एका मिनिटाऐवजी दहा मिनिटे लागली आणि आवाज झाला, तर शेजाऱ्याला जाग येते. मजबूत दार वेळ मिळवून देते. त्या वेळाचा उपयोग करायला आजूबाजूला कुणीतरी हवे.

सीसीटीव्ही लावला की झाले?

कॅमेरा चोरी पाहतो, ती थांबवत नाही. अनेकदा चोर जाताना चित्रीकरण साठवणारा डीव्हीआरच उचलून नेतो, कारण तो टीव्हीखाली समोरच ठेवलेला असतो. डीव्हीआर कपाटात किंवा माळ्यावर कुलूपबंद ठेवा. चित्रीकरण मोबाइलवर किंवा क्लाउडवरही जाईल अशी सोय करा. वीज गेली तर काय, याचा विचार करून कॅमेरा आणि वायफाय इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का ते महिन्यातून एकदा बघा. चुकीची वेळ तपासात घोळ घालते. कॅमेऱ्यात नुसती डोकी दिसून उपयोग नाही. येणाऱ्याचा चेहरा टिपेल अशा उंचीवर निदान एक कॅमेरा हवा.

कॅमेरा परवडत नसेल तर दार उघडताच किंचाळणारा छोटा चुंबकीय अलार्म बॅटरीवर चालतो आणि तुलनेने स्वस्त पडतो. बंद घरातील एक दिवा संध्याकाळी टायमरवर लागू-विझू द्या. चोवीस तास जळणारा दिवा मात्र घर रिकामे असल्याचीच खूण ठरतो.

आणि एक कॅमेरा आपण स्वतःच चोराच्या हाती देतो, तो म्हणजे व्हॉट्सॲपचे स्टेटस. ‘चाललो महाबळेश्वरला’ हे परत आल्यावर टाकले तरी फोटो तितकेच छान दिसतात.

दागिने कुठे ठेवायचे?

आपल्याकडे सोने ही हौस कमी आणि बचत जास्त असते. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी, जमिनीच्या पैशातून घेतलेले सोने एका रात्रीत गेले तर घर पुन्हा उभे राहायला वर्षे लागतात. तांदळाचा डबा, साड्यांची घडी, देव्हाऱ्यामागची जागा चोरांनाही पाठ असते. कपाट बंद आणि त्याची चावी गादीखाली, ही तर नित्याची पद्धत.

रोजच्या वापरापलीकडचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे केव्हाही बरे. मात्र तिथेही भरपाईची मर्यादा समजून घ्या. नोव्हेंबर २०१७मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे चोरांनी बँकेशेजारचा गाळा काही महिने आधी भाड्याने घेतला, तिथे दुकान थाटले आणि आतून भुयार खोदून थेट लॉकरची खोली गाठली. २२५ पैकी ३० लॉकर फोडले गेले. पुढे फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकरबाबत नियम करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेला दिले. १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यामुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकी आहे. भाडे वर्षाला ३ हजार असेल तर ३ लाख. लॉकरमध्ये त्याहून जास्त किमतीचे सोने असेल तर वेगळा विमा घ्यावा लागतो.

विम्याबाबतही एक गैरसमज आहे. १ एप्रिल २०२१पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित गृहविमा पॉलिसी प्रामुख्याने आग, पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीला संरक्षण मिळते ते अशी आपत्ती घडल्यानंतर तिच्यामुळे सात दिवसांत झालेल्या चोरीपुरते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि दागिन्यांची यादी स्वतंत्र द्यावी लागते. एजंटला ‘यात घरफोडी आहे का, दागिने आहेत का’ हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांचे नुकसान आकड्याने लहान दिसते, पण घरी पाठवायला ठेवलेली महिन्याची रोकड आणि मोबाइल गेला की सगळेच जाते. रोकड खोलीत न साठवता खात्यात ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

रात्रीची गस्त घालावी का?

चोऱ्या वाढल्या की गावातील तरुण काठ्या घेऊन गस्त सुरू करतात. ही परंपरा जुनी आहे. जागल्या आणि राखणदार हे गावगाड्याचाच भाग होते. आजही महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील गावात असतात. गस्त त्यांच्या आणि पोलीस ठाण्याच्या माहितीने, नावांची यादी देऊन, ओळखपत्रे आणि शिट्ट्या घेऊन घातली तर तिचा उपयोग होतो. नाशिक, अहिल्यानगर, पुणे ग्रामीण अशा अनेक भागांत ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ वापरली जाते. एकाने ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर दिलेला संदेश त्याच्याच आवाजात गावातील सगळ्या नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी पोहोचतो. आपले गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारता येईल.

पण गस्त आणि जमाव यातली रेघ ओलांडली तर काय होते, हे शेजारच्या पालघर जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे, परिसरात चोर फिरत असल्याच्या अफवांच्या दिवसांत, जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच जणांचा जीव घेतला गेला. मेलेल्यांत चोर कुणीच नव्हते. म्हणून गस्तीचा नियम एकच : अनोळखी व्यक्ती दिसली तर नाव-गाव विचारा, गाडीचा क्रमांक टिपा, ११२ला फोन करा. हात उचलायचा नाही. आणि ‘चोरांची टोळी उतरली आहे’ असा संदेश आला तर पोलीस ठाण्यात खात्री केल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

चोरी झालीच, तर पहिल्या तासात काय?

परत आल्यावर कुलूप तुटलेले दिसले तर आत धावू नका. चोर आत असू शकतो. बाहेरूनच ११२ला फोन करा आणि शेजाऱ्यांना बोलवा. पोलीस येईपर्यंत कपाट, दाराची कडी, पडलेले डबे यांना हात लावू नका. आवराआवर केली की बोटांचे ठसे जातात. नेरळमध्येही पोलिसांनी टीव्हीवरील ठशांचाच माग घेतला होता.

चोरी झालेल्या घरापुढच्या आणि रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे कुणाचे आहेत ते पोलिसांना सांगा. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. टोलनाक्यावरील चित्रीकरणाचाही उपयोग होतो, पण वेळ अचूक सांगता आली तरच. त्यामुळे शेजाऱ्याने कुलूप शेवटचे कधी जागेवर पाहिले, ही माहिती मोलाची ठरते.

मोबाइल गेला असेल तर सिम बंद करा. पोलीस तक्रारीची प्रत घेऊन केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक ब्लॉक करा. हा क्रमांक आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवा. एटीएम कार्ड आणि चेकबुक गेले असेल तर बँकेला लगेच कळवा.

तक्रार कुठे आणि कायदा काय सांगतो?

पडघा पोलीस ठाणे ठाणे ग्रामीण पोलीस दलात येते, तर भिवंडी शहरातील ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात. त्यामुळे हद्दीवर राहणाऱ्यांचा गोंधळ होतो. पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवण्याची तरतूदही आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीसाठी घर फोडले असेल तर कलम ३३१ (३) नुसार दहा वर्षांपर्यंत, आणि ते सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी फोडले असेल तर ३३१ (४) नुसार चौदा वर्षांपर्यंत. म्हणून दार उघडे होते की कुलूप तोडले, दिवस होता की रात्र, हे एफआयआरमध्ये नीट लिहिले आहे का ते सही करण्यापूर्वी वाचून घ्या.

सापडलेले दागिने परत कसे मिळतात?

चोर सापडला, मुद्देमालही सापडला, तरी दागिना आपला आहे हे दाखवावे लागते. पोलिसांनी जप्त केलेली वस्तू न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाला मिळते. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये न्यायालयाने अशा वस्तूंचे वर्णन आणि छायाचित्रे करून त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. अडचण येते ती पुराव्याची. आजीची मोहनमाळ, आईच्या पाटल्या यांच्या पावत्या कुणाकडेच नसतात.

त्यासाठी एक रविवार पुरे. प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन लिहा. दागिना अंगावर असलेला लग्नाचा किंवा सणाचा फोटो शोधून ठेवा. १ एप्रिल २०२३पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक असतो, तोही टिपा. टीव्ही, लॅपटॉप यांचे सिरियल क्रमांक, दुचाकीचे कागद यांचेही फोटो घ्या. हे सगळे फक्त फोनमध्ये ठेवू नका, फोनही चोरीला जातो. बहिणीला किंवा मुलाला पाठवून ठेवा.

गावाला निघण्यापूर्वी थोडक्यात

सहा घरांपैकी एकाला परतण्याची तारीख आणि फोन क्रमांक दिला का? मागचे दार, मोरीची खिडकी बघितली का? कोयंडा हलत नाही ना? दागिने लॉकरमध्ये, त्यांचे फोटो नातेवाइकाकडे? पेपर आणि दूध बंद केले? एक दिवा टायमरवर लावला? स्टेटस परतल्यावर टाकणार?

आणि शेजारच्या घरी चोरी झाली असेल तर ‘आपल्याकडे नाही झाली’ म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. त्याच दिवशी त्यांचे दार दुरुस्त करायला मदत करा आणि पुढचे काही आठवडे दोन्ही घरांकडे लक्ष ठेवा. नेरळच्या चोराला परत पाठवले ते भिंतीवरच्या एका फोटोने. आपल्याकडे ते काम समोरच्या घरातून आलेल्या ‘कोण पाहिजे?’ या प्रश्नाला करावे लागेल.